आतु म्हणजे होय नव्हे

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. चहा गाळताना भांडते, दाराला कुलूप लावताना भांडते. परवा हुबळीच्या बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "यार जोडी माताडाकत्तीरी अक्का?" कुणाशी बोलताय म्हणून. म्हटलं, आमच्या साहेबांशी. कुठं आहेत ते? वारले, म्हटलं. नवलूर यायच्या आत बिचारी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

पेपरांत तुमच्यावर भरभरून आलंय. कुठल्याशा लग्नातला फोटो कापून लावलाय, तुमच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिलाय. जन्म, शिक्षण, कंपनी, सत्कार, सगळं ओळीनं. त्यातलं मला काही सांगायचं नाही. तुम्ही फोन कसा ठेवायचात तेवढंच मला सांगायचंय, आणि नेमकं तेच कुणी लिहिलेलं नाही.

तुम्ही फोन ठेवताना "आतु" म्हणायचात. धारवाडात कोण म्हणत नाही? आतु म्हणजे झालं, आतु म्हणजे बरं. लेकीशी बोलणं संपलं, आतु. टॅक्सवाल्यानं नोटीस पाठवतो म्हणून दम दिला, आतु. ऐकलं, कळलं, आता ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. एखादी गोष्ट खरोखर कबूल असली की तुम्ही "आत नोडु" म्हणायचात, झालं बघ, आणि उजवा तळहात समोरच्या टेबलावर सपाट ठेवायचात. हा फरक मला तीस वर्षं माहीत होता. अख्ख्या कंपनीत माझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढं मला त्याच्याकडंच यायचंय.

कान तुम्हीच दिलात मला. अळणावरच्या पलीकडं त्या गावात आपण पहिल्या मालिकेचं बाहेरचं चित्रीकरण करायला गेलो होतो, आठवतं? मी नवी, पदवीचा कागद अजून कोरा करकरीत. गावच्या पाटलानं आपल्याला बसवलं, ताक दिलं, तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नोडोणु." बघू या. मी खूश! बाहेर येऊन तुम्हाला म्हटलं, अण्णा, झालं की काम. तुम्ही इतके हसलात, इतके हसलात की ड्रायव्हर गाडीतनं उतरून बघायला आला. "अगं मंदे, तो नाही म्हणाला. साफ नाही म्हणाला. आणि ताक पाजून म्हणाला." मग अळणावर स्टेशनच्या बाहेर उभं राहून आपण चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं आणि तुम्ही मला शिकवत बसलात. हूं म्हणजे नुसतं ऐकतोय, चालू दे. होगली बिडु, जाऊ दे, म्हणजे मनातनं जाणार नाही. नोडोणु म्हणजे कधीच नाही. माणूस काय बोलला ते नंतर लिही, आधी तो बोलून झाल्यावर काय करतो ते बघ, म्हणालात. मिरची लागून माझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि मला वाटत होतं की जगात याहून चांगली नोकरी कुठली नसेल.

कंपनी म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना आधी नाटक कंपनी आठवते. तुमच्या भागीदारांची, गुरुराजच्या वडिलांची तीच होती, तंबू, पडदे, पेटी, सगळं. त्यांचा तंबू आणि तुमची अक्कल एकत्र आली आणि बघता बघता केवढा पसारा झाला. एक कानडी वाहिनी, एक मराठी वाहिनी, बेळगावपासून दावणगिरीपर्यंत थिएटरं, आणि केलगेरीच्या तळ्याकाठचा स्टुडिओ. त्या स्टुडिओतला तो एकच सोफा! सकाळी त्याच्यावर कानडी अत्ती-सोसी भांडायच्या, दुपारी खोळ बदलली की त्याच्यावरच मराठी सासू-सून. मुंबईचे लोक बघायला आले तेव्हा तो सोफा बघून हसले. तुम्ही म्हणालात, हसा, पण दोन्ही सुना त्याच्यावर बसूनच रडतात आणि दोन्हीकडच्या बायका डोळे पुसतात.

मी कंपनी सेक्रेटरी. म्हणजे टायपिस्ट नव्हे, हे मला जन्मभर लोकांना सांगावं लागलं. माझं काम ठराव लिहिण्याचं, ते कायद्यात बसवण्याचं, आणि बैठकीत कोण काय म्हणालं ते नोंदवण्याचं. मी नोंदवलं की ते खरं.

स्टुडिओच्या माणसांनी काम बंद केलं होतं तो दिवस मला या सोळा दिवसांत रोज आठवतोय. मालिका बाहेरून विकत घेणार, इथं त्यांच्यावर नुसते आपल्या भाषेतले आवाज चढवणार, अशी कुणकुण लागली होती. लाईटवाले, सुतार, मेकअपवाल्या बायका, सगळे पायऱ्यांवर बसलेले. पुढारी मल्लप्पा, त्याच तंबूतला, पोरवयापासून दिवे सांभाळलेला. गुरुराज म्हणाला पोलिसांना सांगू. तुम्ही सरळ जाऊन त्यांच्यातच खालच्या पायरीवर बसलात, भर उन्हात. "मल्लप्पा, मी कशाकशाला नाही म्हणणार ते आधी सांगतो. मग तुम्ही शिव्या घाला. मग जेवू." आणि खरंच, एकेक करून सगळं नाही म्हणून टाकलंत. तासभर त्यांनी आरडाओरडा केला. तुम्ही मान हलवत बसलात. मग डबे उघडले. तुम्ही कुणाच्या तरी डब्यातली रोट्टी आणि भरल्या वांग्याचं एण्णगाई खाल्लंत, बोटं चाटलीत. शेवटी मल्लप्पा हळूच म्हणाला, "सगळं राहू द्या अण्णा. तुम्ही खुर्चीवर आहात तोवर स्टुडिओ चालू राहील का, तेवढं सांगा."

तुम्ही हात धुऊन आलात. पायरीवर तळहात ठेवलात. "आत नोडु मल्लप्पा."

परत येताना मी गाडीत तुमच्यावर केवढी चिडले होते. बोर्डाला विचारलं नाही, कागद नाही, काही नाही, असा कसा शब्द देता? तुम्ही म्हणालात, "तू लिही नंतर. आधी शब्द, मग ठराव. उलटं केलं की दोन्ही जातात." मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. खरं सांगते, मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता, आणि तो मी दाखवला नाही. का नाही दाखवला कोण जाणे.

गुरुराजचे वडील गेले आणि सगळं बिनसलं. आता गुरुराजला नावं ठेवायची फॅशन आलीय, पण मी ठेवणार नाही. तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. लोक टीव्हीसमोरून उठून फोनमध्ये शिरले होते, थिएटरात पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरत होते. मुंबईची बडी कंपनी पैसा घालायला तयार होती, पण त्यांची एक अट होती. वर एकच माणूस हवा, आणि तो तुम्ही नको. एका दिवशी गुरुराज मला म्हणाला, "काकांना सोडता येत नाही." त्याच दिवशी तासाभरानं तुम्ही म्हणालात, "पोराला थांबता येत नाही." दोघंही खरं बोलत होतात, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगायचं नव्हतं.

तुमची केबिन एका टोकाला, त्याची दुसऱ्या टोकाला, मधे पॅन्ट्री. नऊ महिने मी त्या पॅन्ट्रीतनं ये-जा करून झिजले. "त्याला म्हणावं..." "काकांना विचारा..." घरात जावाजावांनी अबोला धरल्यावर मधल्या माणसाचे हाल होतात ना, तसे माझे. एका शब्दावर पाच आठवडे घोडं अडलं होतं, आठवतं? त्यांना तुमच्या नावापुढं "मानद अध्यक्ष" हवं होतं, तुम्हाला "कार्यकारी". "मानद म्हणजे मानेला दोर," असं तुम्ही सगळ्या बोर्डासमोर म्हणालात आणि मुंबईकरांना त्याचं भाषांतर करून सांगायची पाळी माझ्यावर आली. ताकास तूर लागू द्यायचा नाहीत तुम्ही. आज एक मुद्दा सोडायचात, उद्या तोच दुसऱ्या दारानं आत आणायचात. गुरुराजनं हात टेकले, मुंबईकरांनी टेकले. मीही टेकले होते, पण माझे हात कुणी बघत नव्हतं.

त्यातच ती सकाळ. मी गुरुराजकडून मसुदा घेऊन आले. त्यात स्टुडिओ दोन वर्षं आहे तसा ठेवायचं त्यानं कबूल केलं होतं. ते मी त्याच्याकडून कसं काढून घेतलं ते माझं मला माहीत. बैठकीला दहाजण बसले होते. तुम्ही मसुदा न वाचताच बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "मंदा, तू नक्की कुणाची गं? त्याची का आमची?"

लोक हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन टिपणं काढायला बसले. तुम्हाला ते आठवतही नसेल. मला अजून तुमच्या त्या शर्टाच्या बाहीवरचा चहाचा डाग आठवतो.

दुसऱ्या दिवशी तुमचा रक्तदाब चढला. डॉक्टरांनी सप्तापूरच्या घरातनं हलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मुंबईकर तर विमानानं येऊन बसलेले. दुपारी फोन लावला, स्पीकरवर टाकला. गुरुराज तुमच्याशी नेहमीसारखा कानडीत बोलला, आवाज मऊ ठेवून. काका, मुंबईचे येतील. हूं. वर मी बसेन. हूं. तुम्ही मानद अध्यक्ष. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्टुडिओ दोन वर्षं तसाच. हूं. "हागादर आतु काका?" मग झालं ना, काका?

"आतु," तुम्ही म्हणालात, आणि फोन ठेवलात.

 मुंबईच्या मुख्य साहेबांना कानडी येत नव्हतं. त्यांनी गुरुराजकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं, कारण नोंदवणारी मी. "क्या बोले?"

मी म्हटलं, "मान गए."

आता ते वरचं वाक्य. मला माहीत होतं अण्णा. तो फोन ठेवायचा आतु होता, मला शंभर टक्के माहीत होतं. "मानद"वर तुम्ही गप्प राहिलात तेव्हाच मला कळलं होतं की संध्याकाळपर्यंत तुम्ही नवा डाव टाकणार. तरी मी म्हटलं. मी थकले होते, हे एक. कंपनी कोर्टात जाऊन चिंध्या होण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटत होतं, हे दुसरं. आणि तुम्ही मला दहा माणसांत "कुणाची गं" म्हणून विचारलं होतंत, हे तिसरं. यातलं पहिलं कुठलं ते मला अजून लावता येत नाही. रोज क्रम बदलतो. अर्ध्या तासात ठराव झाला, खाली माझी सही.

संध्याकाळी प्रत घेऊन मी सप्तापूरला आले. वैनींनी उप्पीट केलं होतं. तुम्ही ठराव वाचलात, चष्मा काढलात.

"मंदा, मी होय कधी म्हटलं गं?"

"आतु म्हणालात की."

"आतु म्हणजे होय काय?"

"मग काय म्हणजे?" मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. "तीस वर्षांत एकदा तरी सरळ होय किंवा सरळ नाही म्हणालात का तुम्ही? सगळ्यांना लोंबकळत ठेवायचं आणि मग माणसानं चुकीचं ऐकलं म्हणून ओरडायचं!"

यातही खोटं काही नव्हतं, तेच तर वाईट. तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत. मला वाटलं आता विचारणार, खरंच चुकीचं ऐकलंस का? विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. निदान आज मला तसं वाटतं. पण तुम्ही म्हणालात, "खाऊन घे, गार होतंय." मी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि निघाले. ते भांडण तिथंच राहिलं.

तुमचे वकील आव्हान देणार असं सगळे म्हणत होते. मी घाबरून होते. आणि दहा दिवसांनी तुमचं पत्र आलं, तुमच्याच अक्षरात. मी स्वेच्छेने संमती दिली होती, कोणताही गैरसमज झालेला नाही. वाचून मी खुर्चीत बसले आणि हसत सुटले. बघा, होयच होतं! माझ्या कानानं मनाच्याही आधी ओळखलं होतं! वर्षभर मी हे स्वतःला सांगितलं. लोकांनाही सांगितलं, निर्लज्जासारखं.

स्टुडिओ दोन वर्षं चालला नाही. आठ महिन्यांत कुलूप. फोनवरची अट ठरावात घालताना मुंबईकरांच्या वकिलांनी "शक्य तोवर" असे दोन शब्द पुढं जोडले, आणि ते मी वाचले नव्हते असं मला म्हणता येत नाही. शेवटच्या दिवशी मी कागद घेऊन तळ्याकाठी गेले, सगळ्यांच्या सह्या घ्यायला. मल्लप्पानं अंगठ्याजवळ पेन धरून सावकाश सही केली. म्हणाला, "अक्का, अण्णांनी स्वतःहून खुर्ची सोडली म्हणे. लिहून दिलंय म्हणे." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "पायरीवर हात ठेवला होता की हो त्यांनी." त्यावर मी म्हटलं, इथं अजून एक सही राहिली.

त्यानंतर तुम्ही फोनवर आतु म्हणणं सोडलंत. तुम्हाला वाटलं असेल कुणाच्या लक्षात येणार नाही. दिवाळीला मी फोन केला, तब्येत विचारली, तुम्ही नीट बोललात, आणि शेवटी म्हणालात, "बरं, ठेवतो हं." शुद्ध मराठीत, परक्यासारखं.  नंतर वैनींकडून कळलं की लेकीशीही तुम्ही असंच बोलत होता. तोंडातला एक शब्द मी काढून घेतला तुमच्या, जन्मभराचा.

तळ्याकाठी सकाळी फिरायला गेलात आणि तिथंच बाकावर संपलात. मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या खाली. स्मशानात माणसं खूप होती. मंत्री होते, नट होते, दोन्ही भाषांतल्या सुना पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. स्टुडिओतलं एकही माणूस नव्हतं. मी मागं वळून वळून फाटकाकडं बघत होते. कुणी आलं नाही.

तेराव्याला जेवणं आटोपली, माणसं पांगली. वैनी मागच्या पडवीत पेले पुसत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, फडकं घेतलं. म्हटलं, वैनी, मला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, "नको सांगू. ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"वकील इथंच येऊन बसले होते. म्हणाले, बाईंनी जाणूनबुजून खोटं सांगितलं एवढं दाखवलं की ठराव पडला. ह्यांनी विचारलं, मग तिचं काय? वकील म्हणाले, नोकरी जाईल, परवाना जाईल, केसही होईल. हे म्हणाले, आतु. वकील खूश होऊन गेले, त्यांना वाटलं कामाला लागा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी ते पत्र लिहिलं."

मी पेला खाली ठेवला. विचारलं, माझी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं असेल त्यांना?

"छे! म्हणाले, ऐकण्यात मंदा चुकत नाही. दमली ती. मीच दमवली."

यप्पा! अण्णा, हे काय करून ठेवलंत? मला चार माणसांत उभं करून जाब विचारायचा होता. शिव्या घालायच्या होत्या. मी सोसलं असतं, वाईट होऊन मोकळी झाले असते. एका तागडीत माझी नोकरी आणि दुसरीत तळ्याकाठची सगळी माणसं, आणि तुम्ही माझ्याकडं पारडं झुकवलंत? एवढे मोठे सौदे करणारा माणूस, आणि हा असला सौदा? मल्लप्पाला दिलेला शब्द तुम्ही माझ्यासाठी मोडलात, आणि मोडला कुणासाठी ते त्याला सांगितलंही नाहीत. त्याच्या लेखी तुम्ही शब्द विकून मानाची खुर्ची घेणारा म्हातारा होऊन गेलात. तुमच्या या उपकाराबद्दल मला तुमचे पाय धरावेसे वाटतात, आणि त्याच क्षणी वाटतं की याच्यासाठी मी तुम्हाला कधी क्षमा करणार नाही. मी तुम्हाला! बघा माझी हिंमत.

चौदाव्या दिवशी ऑफिसात शोकठरावाचा मसुदा आला, मुंबईहून. गुरुराजकडून नव्हे. त्यालाही गेल्या महिन्यात वरच्या खुर्चीवरनं उठवलंय, तेही अगदी गोड बोलून. आता तो आपल्या केबिनमध्ये दार लावून बसतो आणि मला "अक्का, काका असते तर काय केलं असतं हो?" म्हणून विचारतो. मसुद्यात दुसऱ्याच ओळीत होतं, "कंपनीच्या हितासाठी त्यांनी स्वेच्छेने पदभार सोडला." वाचणार मी, खाली सही माझी.

मी वैनींना फोन केला. म्हटलं, हा शब्द मी खोडते, आणि खरं काय झालं ते सभेत उभी राहून सांगते. मल्लप्पाला निरोप धाडलाय, तो येतो म्हणालाय. त्याच्यासमोर सांगते.

वैनी म्हणाल्या, "त्यांच्या हाताचं लिहिलेलं तू खोटं पाडणार? मग ते कशासाठी एवढं खाली मान घालून जगले? दिलंय ते घे आणि गप बस, मंदा."

त्यांनी अडवलं हे खरं. पण अडायला मला बरं वाटलं, हेही खरं.

काल हुबळीत सभा झाली. हॉल भरला होता. मल्लप्पा आला होता. शेवटच्या रांगेत, धुतलेला सदरा, टोपी मांडीवर, हात टोपीवर. मी माईकसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले. "त्यांनी स्वेच्छेने पदभार सोडला" इथवर आले. मान वर केली नाही. मागं खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, आणि चपला दारापर्यंत वाजत गेल्या. सावकाश गेल्या. हाक मारायला भरपूर वेळ होता.

मी पुढचं वाक्य वाचलं अण्णा, आणि त्याच्या पुढचंही. आवाज एकदासुद्धा अडखळला नाही.